पोट्ट्यांची निसर्गपिशवी: खिंडसी, गोरेवाडा, पेंचला जाताना काय भरायचं आणि काय घरी ठेवायचं

पळसपान

दिवाळीच्या सुट्या तोंडावर आल्या, नागपूरच्या आसपासच्या तलावांवर आणि जंगलात पोट्ट्यांना न्यायचं, म्हणून हा धागा. मुलांसाठी ‘एक्सप्लोरर’ नावाचे तयार संच मिळतात. त्यात पंधरा-वीस वस्तू असतात आणि चारच कामाच्या निघतात. फुलपाखराची जाळी, खोटं होकायंत्र, धुरकट दुर्बीण, सगळं हिरव्या प्लास्टिकचं. त्यापेक्षा पिशवी आपणच जुळवावी. वय ५ ते १२ धरलं आहे. खाली कच्ची मांडणी देतो, चुका काढा.

आधी वजन. शालेय दप्तर धोरण, २०२० सांगतं की दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावं. सहलीलाही तेच लावा. २० किलोच्या मुलाला २ किलो. पाऊण लिटरची भरलेली बाटली ९०० ग्रॅमच्या आसपास जाते. डबा, टोपी, रिकामी सॅक धरली की सामानाला फार तर ५००-६०० ग्रॅम उरतात. म्हणून पिशव्या दोन. मुलाच्या पाठीवर त्याला स्वतः काढता-घालता येईल तेवढंच, बाकीचं मोठ्यांकडे.

मुलाकडे: भिंग, जाड पुठ्ठ्याची ए-६ वही, दोरीने बांधलेली २बी पेन्सिल, शिंप्याची १५० सेंमीची टेप, झाकणाची पारदर्शक डबी, शिटी आणि रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड.

मोठ्यांकडे: दुर्बीण, पांढरा ट्रे, चहाची गाळणी, ड्रॉपर, ४ मीटर सुतळी, चिकटपट्टी, बारीक टोकाचा चिमटा, प्रथमोपचार.

शेडकार्डबद्दल विचारलं जाईल म्हणून आधीच सांगतो. प्रत्येक रंगाच्या पट्टीला पंचिंग मशीनने भोक पाडायचं आणि भोकातून पान, माती, साल दिसेल असं धरून जुळणारा रंग शोधायचा. ‘पान हिरवं आहे’ इथे थांबणारं मूल एकाच पळसाच्या झाडावर पाच हिरवे मोजतं. खर्च शून्य.

चष्मिश

भिंगावर ‘६०×’ छापलेलं असेल तर तिथल्या तिथे ठेवून द्या. खरी ताकद घरी मोजता येते. ट्यूबलाइटच्या खाली, शक्य तितकं लांब, जमिनीवर कागद ठेवा. ट्यूबची स्पष्ट आकृती उमटेपर्यंत भिंग वर-खाली करा. कागद ते भिंग हे अंतर मिमीमध्ये मोजा आणि २५० ला त्याने भागा. ८० मिमी आलं तर भिंग जेमतेम ३×. २५ मिमी आलं तर १०×. बाजारातली बहुतेक मोठी गोल भिंगं २ ते ३ पटींचीच असतात, आणि लहानांना तीच बरी.

सात वर्षांखाली ६० ते ७५ मिमी व्यासाचं ३× द्या. आठच्या पुढे घडीचं १०×, म्हणजे सोनार वापरतात ते. पण १०× धरायची पद्धत वेगळी आहे आणि इथेच सगळे चुकतात. हात लांब करून भिंग पानावर धरलं तर धूसरच दिसणार. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, मग पान उचलून अडीच सेंमीपर्यंत जवळ आणायचं. हात थरथरतो, म्हणून भिंगाच्या हाताचा अंगठा गालावर टेकवायचा आणि पान धरलेला हात भिंगाच्या हाताला टेकवायचा.

दोन धोके. उघडं भिंग गाडीच्या मागच्या काचेखाली पडलं तर ऊन गोळा करून सीट जाळू शकतं, त्यामुळे कापडी खोळ हवीच. दुसरं, डास पळवणारं मलम. त्यात डीट (डास पळवणारं रसायन) असेल तर प्लास्टिकचं भिंग धुरकट होतं. मलम लावलेल्या हाताने भिंग, डबी, दुर्बीण धरायची नाही.

वर्धा_रोड

गाडीत ठेवायचा विषय निघालाच तर: मेणखडू आपल्याकडे मार्च ते जून गाडीत ठेवूच नका. ४५ अंशाच्या दुपारी बंद गाडीत त्यांचा लगदा होतो आणि वही कायमची चिकटते. लाकडी रंगपेन्सिली न्या. जेल पेनची शाई पहिल्या थेंबाला पसरते, पेन्सिल ओल्या कागदावरही उमटते. आणि दुर्बीण डॅशबोर्डवर नको.

संत्रासाल

दुर्बीण कुठली घ्यायची? ६ आणि ९ वर्षांची मुलं आहेत. १०×२५ स्वस्तात मिळते आहे.

चष्मिश

१०×२५ नको. दोन आकड्यांत पहिला पटींचा, दुसरा पुढच्या भिंगाचा मिमीमधला व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते. १०×२५ ला २.५ मिमी, ६×३० ला ५ मिमी. झोत रुंद असला की डोळा थोडा हलला तरी चित्र जात नाही. मुलाच्या हातात दुर्बीण हलतेच, आणि दहा पटींत ते हलणंही दहा पट दिसतं.

दुसरी अडचण डोळ्यांमधल्या अंतराची. सहा वर्षांच्या मुलाचं ते साधारण ५० ते ५५ मिमी असतं. मोठ्यांच्या बऱ्याच दुर्बिणी पूर्ण मिटवल्या तरी ५६ मिमीच्या खाली येत नाहीत. मग मुलाला एका गोलाऐवजी दोन गोल दिसतात आणि ‘मला काहीच दिसत नाही’ सुरू होतं. पोट्ट्याला दुकानात सोबत न्या, दुर्बीण मिटवून डोळ्याला लावा, ‘किती गोल दिसतात?’ विचारा. एक म्हणाला तरच पैसे द्या.

नऊच्या मुलाला ६×३० किंवा हलकी ८×३०, वजन ५०० ग्रॅमच्या आत. सहाच्या मुलासाठी मात्र दुर्बीण हा हट्ट मोठ्यांचा असतो. त्याला भिंग द्या. लाल चमकत्या काचांची खेळण्यातली दुर्बीण नकोच.

शिकवताना आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी शोधायचा, नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. सूर्याकडे कधीच नाही, हे पट्टा गळ्यात घालायच्या आधी सांगायचं.

टाचणी

डबीबद्दल लिहिते. पारदर्शक पाहिजे, २०० ते ३०० मिलीची, रुंद तोंडाची. आइसक्रीमची पारदर्शक वाटी चालते. झाकणाला तापवलेल्या सुईने आठ-दहा भोकं, एक मिमीची. मोठी पाडली तर मुंग्या निसटतात. भोकं आतून बाहेर पाडा, म्हणजे प्लास्टिकची धार आत राहत नाही.

नियम: एका वेळी एक किडा, पाच मिनिटं, सावलीत, आणि जिथून घेतला तिथेच सोडायचा. डबी उन्हात ठेवली तर दोन-तीन मिनिटांत आत भट्टी होते. तळाशी वाळकं पान घाला, नाहीतर गुळगुळीत प्लास्टिकवर किडा उलटा पडून पाय झाडत बसतो. ओलं पान घातलं तर आतून वाफ धरते आणि काही दिसत नाही.

फुलपाखरं डबीत घालायची नाहीत, पंखांवरची भुकटी झडते. सुरवंट, विंचू, गोम, मधमाशी, गांधीलमाशी यांना डबी नाहीच. बेडूकही नको. मलम किंवा सॅनिटायझर लावलेला हात त्याच्या कातडीला घातक असतो.

जाळीऐवजी पांढरी छत्री न्या. झुडपाच्या फांदीखाली उलटी धरायची आणि फांदी काठीने दोनदा टिचकावायची. कोळी, भुंगेरे, नाकतोडे, काडीकिडे छत्रीत पडतात आणि पांढऱ्यावर लगेच दिसतात. काळ्या छत्रीत आतून जुना पांढरा पंचा सेफ्टी पिनांनी लावा. त्याआधी वर पाहायला विसरू नका: मोहोळ आहे का, मुंग्यांचं पानांचं घरटं आहे का.

तलावाच्या काठी गाळणी. गाळणीचा दांडा हातभर काडीला सुतळीने बांधा. ट्रेमध्ये त्याच तलावाचं पाणी आधी घ्या, दोन ते तीन सेंमी. गाळणी पाणवनस्पतींच्या मुळांशी इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायची आणि ट्रेमध्ये उलटी आपटायची. चिखल आला तर गाळ बसायला पाच मिनिटं द्या. उतावीळ झालं की गढूळ पाण्याशिवाय काही दिसत नाही. मग ड्रॉपरने एकेक प्राणी चमच्यात. चतुराच्या आणि टाचणीच्या (चतुराचाच सडपातळ भाऊबंद) अळ्या हमखास मिळतात. टाचणीची अळी सडपातळ, शेवटी तीन पानांसारख्या कल्ल्यांची. चतुराची थोराड, कल्ले बाहेर दिसत नाहीत. मोठे झाल्यावर ओळख पंखांवरून: बसताना चतुर पंख पसरून, बऱ्याचशा टाचण्या मिटून. पाठीवर पोहणारा किडा बोटाने उचलू नका, कडकडून चावतो.

काठावर एक मोठा माणूस एका मुलामागे. अंबाझरी असो की खिंडसी, घोट्याच्या वर पाणी नाही. पायाला जखम असेल तर पाण्यात पायच नाही.

पळसपान

छत्री मांडणीत घेतो. जाळी बाद.

काळा_गोटा

दगडांना कुणी विचारत नाही राजेहो, आणि नागपूरइतकं सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही. शहराच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा शेवट. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने पट्टेदार नाइस खडक. उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म, आणि त्या थरांना भूविज्ञानात ‘कामठी’ हेच नाव आहे. एका रविवारी तिन्ही हाताला लागतात.

पिशवीत काय वाढवायचं: चुंबक, व्हिनेगरची ३० मिलीची ड्रॉपरबाटली, जुना टूथब्रश, जुनं पाच रुपयांचं नाणं.

चुंबक उघडा वापरू नका. काळी रेती एकदा चिकटली की निघत नाही. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत गुंडाळून कन्हानच्या रेतीतून फिरवायचा, वर उचलून पिशवी उलटी करायची. रेती पिशवीत, चुंबक स्वच्छ. ते काळे कण बहुतेक मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंड असलेल्या खनिजाचे.

व्हिनेगर चुनखडीसाठी. काळ्या मातीत पांढरट गाठी सापडतात, त्यांना कंकर म्हणतात. आधी ब्रशने माती काढा. एक थेंब टाका आणि भिंगातून पाहा, बारीक बुडबुडे येतात. फसफस जोरात होत नाही, म्हणून मुलं लगेच ‘नाही होत’ म्हणतात. नाण्याने खरवडून थोडी पूड केली आणि पुडीवर थेंब टाकला की चटकन दिसतं. गारेवर, म्हणजे पांढऱ्या कडक गारगोटीवर, काहीच होत नाही, म्हणून शेजारी एक गार ठेवून तिच्यावरही थेंब टाका. एकाच दगडावर केलेला प्रयोग काही सांगत नाही.

हातोडी? नको. चष्म्याशिवाय दगड फोडला तर कपची थेट डोळ्यात.

संत्रासाल

दगड, पिसं, शिंगं घरी आणायला हरकत नाही ना? मुलांना संग्रह आवडतो.

वाटाड्या

अभयारण्यातून आणि व्याघ्र प्रकल्पातून पानसुद्धा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे. गळालेलं शिंग, सायाळीचा काटा, पीस, काहीच उचलायचं नाही. संग्रह करायचा तर घराभोवतीच्या शेतातली, रस्त्याकडेची वाळकी पानं, बिया, शेंगा. बाकी सगळ्याचं चित्र काढायचं, टेप शेजारी ठेवून.

एक गोष्ट धाग्यात सुटते आहे. पिशवी जागेप्रमाणे बदलते. पेंचमध्ये सिल्लारीच्या गेटने आत गेलात की जिप्सीतून उतरायचं नाही. डबी, गाळणी, छत्री, सुतळी, व्हिनेगर सगळं निवासावर. सोबत फक्त दुर्बीण, वही, पेन्सिल, पाणी. मोबाइलचे नियम आधी विचारून घ्या आणि दुर्बीण नसेल तर मोबाइलच्या भरवशावर राहू नका. कपडे मातकट किंवा हिरवे. शिटी खिशात, वाजवायची फक्त हरवल्यावर.

जिप्सीत चार तास मूल वाघाची वाट पाहत कंटाळतं. त्यावर ऐकण्याचा नकाशा. वहीच्या पानाच्या मधोमध फुली, म्हणजे आपण. गाडी थांबली की पाच मिनिटं डोळे मिटून, ज्या दिशेने आवाज आला त्या बाजूला खूण. जवळचा फुलीजवळ, लांबचा कडेला. चितळाचा, वानराचा, सांबराचा इशारा एकाच बाजूला जमायला लागला तर गाइडला सांगायचं. त्याचे कान आधीच तिकडे असतात, पण मुलाच्या हातात काम राहतं.

धूळ: दुर्बिणीच्या काचेवर लाल धूळ बसली तर शर्टाने पुसायची नाही, ओरखडे येतात. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने झटका, मग चष्म्याचं कापड.

ओळखकार्ड स्वतः करा. ए-५ च्या एका बाजूला १२ पक्षी, जास्त नाही. शहराच्या आसपाससाठी: खंड्या, वेडा राघू, तांबट, हळद्या, राखी धनेश, कोतवाल, बुलबुल, भांगपाडी मैना, टिटवी, वंचक, पाणकावळा, हरियाल. शेवटचा राज्यपक्षी, पिंपळ-वडाची फळं पिकली की थव्याने येतो. हिवाळ्यात तलावांसाठी वेगळं कार्ड: चक्रवाक, तलवार बदक, थापट्या. चकचकीत लॅमिनेशन उन्हात आरशासारखं चमकतं आणि चित्र दिसत नाही. मॅट करून घ्या.

औषधपेटी

प्रथमोपचार एका ओळीत उरकला आहे, म्हणून थोडं सविस्तर.

ओआरएस: पुडीवर किती पाण्यासाठी ते लिहिलेलं असतं. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच, पूर्ण. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकली तर मीठ जास्त होतं आणि ते मुलाला घातक ठरू शकतं. सहलीला २०० मिलीच्या छोट्या पुड्या सोयीच्या, एक पुडी एक पेला. तयार गोड पेयं हा त्याला पर्याय नाही.

खाजकुयली: पावसाळ्यानंतर शेंगा वाळतात आणि उन्हाळ्यापर्यंत कुंपणांवर लोंबतात. तपकिरी मखमली शेंग दिसली की लांबूनच दाखवा. लागलीच तर चोळायचं नाही, चोळलं की कुसं आत शिरतात. चिकटपट्टी हलकेच लावून उचला, दर वेळी नवा तुकडा, मग पाण्याने धुवा. सुरवंटाच्या केसांनाही हेच. चिकटपट्टी त्यासाठीच, ती कापडी किंवा रुंद पारदर्शक असावी.

बिब्बा: कच्च्या फळाचा चीक कातडी जाळतो. ‘झाडाचं फळ हातात घेऊ नका’ हा नियम सरसकट.

गोचीड: पँट मोज्यात खोचा. चिकटली तर काडीने जाळायची नाही, तेल ओतायचं नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका. संध्याकाळी कानामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली तपासा.

साप चावला तर पिशवीत त्याच्यावर उपाय नाही. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. मुलाला हलू न देता थेट मोठ्या रुग्णालयात. जायच्या आधीच मुक्कामाजवळचं रुग्णालय कुठलं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ॲलर्जीचं औषध आणि मात्रा मुलाच्या डॉक्टरांना विचारूनच.

पळसपान

सुतळीचं राहिलं. ४ मीटर सुतळीच्या प्रत्येक मीटरला गाठ, चार चमचे खुंट्या म्हणून, की एक मीटरचा चौकोन झाला. त्यात १५ मिनिटं बसून काय काय आहे ते मोजायचं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हा चौकोन फार मोठा होतो. त्याला सुतळी चौपदरी करून २५ सेंमीचा द्या. एक चौकोन झाडाखाली, एक उघड्यावर, नाहीतर तुलना कशाशी?

आणि झाडाची उंची. चौरस कागद कोपऱ्यातून कोपऱ्यात दुमडला की ४५ अंशांचा त्रिकोण. एक छोटी बाजू जमिनीला समांतर, दुसरी उभी, आणि तिरप्या कडेवरून शेंडा दिसेपर्यंत मागे सरकायचं. झाडापर्यंतचं अंतर अधिक डोळ्याची जमिनीपासूनची उंची, ही झाडाची उंची. उतारावर करू नका, उत्तर चुकतं. समांतर धरलं की नाही हे दुसऱ्याने बाजूने पाहावं.

टाचणी

साग दिसला तर कोवळं पान तळहातावर चोळायला सांगा. हात लालभडक होतो. अर्थात जंगलाबाहेरच्या सागाचं.

संत्रासाल

पायाच्या ठशांचं प्लास्टर कुणी केलंय का? की फार उपद्व्याप?

काळा_गोटा

उपद्व्याप आहेच, पण दहा वर्षांच्या पोट्ट्याला यासारखं दुसरं नाही. फक्त गाववस्तीच्या काठावर: कुत्रा, गाय, बगळा.

प्लास्टिकच्या बाटलीची दोन-अडीच सेंमी उंच पट्टी कापा, ठशाभोवती कडं करून मातीत थोडी दाबा. १२ सेंमी व्यासाला दोन सेंमी भरायचं तर साधारण २२५ ग्रॅम पावडर, १५० मिली पाणी. एक किलोत चार ठसे. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही, गुठळ्या होतात. मिनिटभर हळू ढवळा, जोरात ढवळलं तर बुडबुडे येतात. ताकापेक्षा दाट झालं की ओता, पण ठशावर थेट नाही, कडेने. अर्ध्या तासाने उचला, थंडीत पाऊण तास.

बिघडतं कुठे: ठशात पाणी साचलं असेल तर टिश्यूने टिपा आणि चिमूटभर कोरडी पावडर भुरभुरवा. पावडर जुनी, दमट असेल तर घट्ट होतच नाही, म्हणून आदल्या दिवशी चमचाभर घरी करून पाहा. आपली काळी माती चिकटून येते, ती तिथेच खरवडू नका, ठसा मोडतो. कागदात गुंडाळून आणा, दिवसभर वाळू द्या, मग टूथब्रशने काढा.

घट्ट होताना प्लास्टर तापतं. मुलांनी त्यात बोटं बुडवून ठेवायची नाहीत, भाजतं. उरलेलं मोरीत किंवा तलावात ओतू नका. भांड्यातच घट्ट होऊ द्या आणि कचऱ्यात टाका. भांडं लवचीक प्लास्टिकचं असेल तर दाबलं की गोळा सुटतो.

पळसपान

प्लास्टर मोठ्यांच्या पिशवीतही नाही, गाडीच्या डिकीत. बाकी मांडणी दुरुस्त करतो: मुलाच्या पिशवीतून काहीच काढलं नाही, चुंबक वाढवला. पेंचसाठी डबी बाहेर.

वर्धा_रोड

चुंबक दुर्बिणीच्या कप्प्यात नको, मोबाइलच्या तर नकोच. आणि डबी परत येताना रिकामी आहे का ते गाडीत बसण्याआधी बघा.